मोबाईलचा पडदा फुटला. दुरुस्ती घरी की दुकानात?

मुंबई, प्रतिनिधी

हातातून निसटलेला फोन बहुधा कोपऱ्यावर आपटतो आणि पालथा पडतो. तो उचलून सरळ करेपर्यंतचे दोन-तीन सेकंद आता जवळपास प्रत्येकाच्या परिचयाचे झाले आहेत. काचेवर जाळे पसरलेले दिसले की पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. अधिकृत सेवा केंद्राने सांगितलेला आकडा ऐकून नवा फोनच घ्यावा की काय, असे वाटू लागते. गल्लीतला दुरुस्तीवाला बऱ्याच कमी पैशांत काम करून देतो म्हणतो. आणि इंटरनेटवर तोच डिस्प्ले, सोबत स्क्रू ड्रायव्हर, चिमटा व चिकटद्रव्याची नळी अशा संचासह, त्याहूनही स्वस्तात मिळताना दिसतो. तो कसा बसवायचा याची चित्रफीत फुकट असते. मग चार पैसे वाचत असतील, तर रविवारची एक दुपार खर्ची घालायला काय हरकत आहे?

हरकत आहे, मात्र ती प्रत्येक फोनला सारखी लागू होत नाही. घरी दुरुस्ती करण्याचा सल्ला प्रामुख्याने अमेरिका आणि युरोपातून येतो. तेथे तंत्रज्ञाच्या तासाभराच्या श्रमाला मोठी किंमत मोजावी लागते, त्यामुळे स्वतः काम केल्याने होणारी बचत खरी असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा नागपूरच्या सीताबर्डीत हिशेब वेगळा आहे. येथे बिलाचा मोठा हिस्सा सुट्या भागाचा असतो आणि मजुरी त्या मानाने किरकोळ असते. घरी काम करणारा ग्राहक वाचवतो ती ही मजुरी. भाग बिघडण्याची जोखीम मात्र पूर्णपणे स्वतःच्या अंगावर घेतो.

तीन थरांचा पडदा

ज्याला सरसकट ‘स्क्रीन’ म्हटले जाते, ती प्रत्यक्षात तीन थरांची असते. सर्वांत वर संरक्षक काच, तिच्याखाली बोटाचा स्पर्श ओळखणारा पारदर्शक थर आणि त्याखाली चित्र दाखवणारे पॅनेल. वरची काच साधी नसते. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने १९६० च्या दशकात काच रासायनिक पद्धतीने कणखर करण्याचे तंत्र विकसित केले होते. त्याचा पुढचा अवतार २००७ च्या पहिल्या आयफोनवर आला आणि ‘गोरिला ग्लास’ या नावाने नंतर सर्वत्र पसरला. ही काच सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापमानाच्या, वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवली जाते. काचेतील सोडियमचे लहान आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन दाटीवाटीने बसतात. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो आणि त्याला सहजासहजी तडा जात नाही. पण रस्त्यावरचा एखादा टोकदार खडा हा पातळ थर भेदून आत शिरला, की आतला ताण मोकळा होतो आणि तडा क्षणात काचभर धावतो. घरातल्या गुळगुळीत फरशीवर चार वेळा पडूनही वाचलेला फोन खडीवर पहिल्याच वेळी फुटतो, त्याचे कारण बहुतेकदा हेच असते.

पूर्वीच्या अनेक फोनमध्ये काच व टच यांचा एक भाग आणि पॅनेल हा दुसरा भाग, असे दोन्ही सुटे असत. ‘टच’ वेगळा आणि ‘डिस्प्ले’ वेगळा बदलता येई. कित्येक हौशी मंडळी हे काम घरी करीत आणि ते बऱ्यापैकी जमतही असे. पुढे फोन सडपातळ करण्याच्या चढाओढीत हे थर पारदर्शक चिकटद्रव्याने एकजीव करण्यात आले. २०१२ च्या आयफोन ५ मध्ये तर स्पर्श ओळखणारी यंत्रणा पॅनेलच्या आतच गेली. आजच्या ओलेड पडद्यांमध्येही ती बहुधा पॅनेलचाच भाग असते. म्हणून बाजारात आता ‘कॉम्बो’ किंवा ‘फोल्डर’ विकला जातो, म्हणजे काच, टच आणि पॅनेल असा अखंड संच.

नेमके काय फुटले?

त्यामुळे खर्चाची चौकशी करण्याआधी निदान करावे. सर्वप्रथम वर चिकटवलेली टेम्पर्ड ग्लास काढून पाहावी. फुटली ती शंभर-दोनशे रुपयांची संरक्षक काच आणि खालचा पडदा शाबूत, असा सुखद शेवट अनेकदा होतो. घाबरून थेट दुकान गाठणाऱ्यांना तो तेथे गेल्यावर कळतो.

काचेला तडे आहेत, पण चित्र स्वच्छ दिसते आणि टच सर्वत्र चालतो, अशा स्थितीत केवळ वरची काच गेलेली असते. टच तपासण्याची सोपी युक्ती म्हणजे एखादे आयकॉन बोटाने धरून पडद्याच्या कानाकोपऱ्यांतून फिरवणे. जेथे ते बोटातून सुटते, तेथील टच निकामी झालेला असतो. बोट न लावताच आपोआप बटणे दाबली जात असतील, तरीही टचचाच दोष समजावा. असा फोन चालू ठेवणे धोक्याचे असते. आपोआप दाबल्या जाणाऱ्या बटणांनी चुकीचे पासवर्ड इतक्या वेळा टाकले जातात की फोन कुलूपबंद होऊन बसतो.

पडद्यावर रंगीत रेषा, शाई सांडल्यासारखा काळा डाग किंवा अर्धा भाग अंधारलेला दिसत असेल, तर पॅनेल गेलेले आहे. ओलेड पडद्यातील असा डाग बहुधा पसरत जातो, कारण तड्यातून शिरलेली हवा आणि आर्द्रता आतील सेंद्रिय द्रव्य खराब करीत राहते. आज कोपऱ्यात असलेला डाग चार दिवसांनी संपूर्ण पडदा गिळू शकतो. दुरुस्ती कोठेही करायची असो, छायाचित्रे आणि संपर्क क्रमांक यांची प्रत त्याच दिवशी काढून ठेवणे शहाणपणाचे.

एक अपवाद महत्त्वाचा. फोन पडलेला नसताना, विशेषतः सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यानंतर, पडद्यावर हिरवी किंवा गुलाबी उभी रेष उमटल्याच्या तक्रारी गेल्या काही वर्षांत भारतात मोठ्या प्रमाणावर आल्या. काही कंपन्यांनी ठरावीक मॉडेलचे पडदे हमीची मुदत उलटल्यानंतरही मोफत बदलून दिले. अशा फोनचा एकही स्क्रू बाहेर उघडला गेला, तर हा हक्क जाण्याची शक्यता असते. तेव्हा रेष दिसताच आधी कंपनीकडे विचारणा करावी.

केवळ काच बदलणे: घरी नकोच

फक्त वरची काच फुटली असेल, तर पूर्ण फोल्डर का घ्यावा, हा प्रश्न रास्त आहे. मोठ्या बाजारांतील काही दुकाने खरोखरच केवळ काच बदलून देतात आणि महागड्या फोनच्या बाबतीत त्यात मोठी बचत होते. परंतु हे काम यंत्रांचे आहे. फोन उघडून पडदा सुमारे ८० अंशांपर्यंत तापवलेल्या प्लेटवर ठेवला जातो, केसासारखी बारीक तार काच आणि पॅनेल यांच्यामधून ओढली जाते, जुने चिकटद्रव्य पुसून काढले जाते. नवी काच निर्वात यंत्रात चिकटवून शेवटी दाबाच्या पेटीत ठेवतात, म्हणजे राहिलेले बुडबुडे विरून जातात. कडांना वळलेल्या ओलेड पडद्यांचे पॅनेल इतके पातळ असते की काही ठिकाणी ते तापवण्याऐवजी शून्याखाली शंभर अंशांहूनही थंड यंत्रात गोठवून काच वेगळी करतात.

याला पर्याय म्हणून अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या द्रवाची बाटली आणि सुटी काच असा संच विकला जातो. घरात त्याचा उपयोग करणाऱ्याला धुळीचा एकेक कण आणि हवेचा एकेक बुडबुडा कायमचा काचेखाली पाहावा लागतो. कडेने ओघळलेला द्रव पॅनेलच्या आत गेला, तर चांगले असलेले पॅनेलही डागाळते. कुशल कारागिराच्या हातूनही काच काढताना काही पॅनेल दगावतात. म्हणून काम देण्यापूर्वी ‘पॅनेल गेले तर भरपाई कोणाची’ हे स्पष्ट विचारून घेणे आवश्यक आहे. जबाबदार दुकानदार ही जोखीम आधीच सांगतो.

फोल्डर घरी बसवताना

पूर्ण फोल्डर बदलणे तुलनेने सोपे असते, असे म्हटले जाते. काही फोनच्या बाबतीत ते खरेही आहे. पण फोन कोणत्या बाजूने उघडतो, यावर सारे अवलंबून आहे. आयफोनमध्ये पडदा समोरून उघडतो. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये मात्र मागचे झाकण काढून, बॅटरी आणि मदरबोर्ड बाहेर घेऊन, शेवटी पडद्यापर्यंत पोहोचावे लागते. सॅमसंगच्या महागड्या मालिकांचे अस्सल डिस्प्ले तर धातूच्या चौकटीसह येतात. तेथे पडदा बदलणे म्हणजे जुन्या फोनमधील सगळे अवयव काढून नव्या सांगाड्यात बसवणे.

सर्वांत मोठा धोका बॅटरीचा. तिच्या पातळ आवरणाला लोखंडी पट्टीचे टोक लागले किंवा ती वाकली, तर आत लघुमंडल होऊन ती पेट घेऊ शकते आणि एकदा सुरू झालेली ही आग स्वतःची उष्णता स्वतःच वाढवत जाते. पडद्याचा गोंद मऊ करण्यासाठी हेअर ड्रायर किंवा हीट गन वापरताना खालच्या बॅटरीचे भान राहत नाही. चित्रफितीत प्लॅस्टिकची पट्टी वापरलेली असते आणि घरात हाताशी असतो स्वयंपाकघरातला सुरा; अपघात तेथे होतात. फोन उघडण्यापूर्वी बॅटरीतील चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणावा आणि उघडल्यानंतर सर्वप्रथम तिचा कनेक्टर सोडवावा, हा नियम कारागीर कटाक्षाने पाळतात.

स्क्रूंचे प्रकरण क्षुल्लक वाटते, पण तेथेही फसगत होते. एकाच फोनमध्ये दिसायला सारखे, पण लांबीत किंचित फरक असलेले स्क्रू असतात. लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला गेला, तर तो मदरबोर्डच्या आतल्या थरांत घुसतो आणि पडद्याच्या दुरुस्तीचे रूपांतर बोर्डाच्या दुरुस्तीत होते. कारागीर स्क्रू काढताना ते चुंबकीय चटईवर त्यांच्या त्यांच्या जागी मांडून ठेवतात. घरी कागदावर फोनची आकृती काढून त्या त्या जागी स्क्रू चिकटपट्टीने लावले, तरी हे साधते.

याशिवाय काही भाग असे आहेत की ते बिघडले तर पैसे देऊनही पूर्ववत होणे कठीण. आयफोन ५ एस ते ८ पर्यंतच्या मॉडेलमध्ये बोटाचा ठसा ओळखणारे होम बटण त्या-त्या फोनशीच जोडलेले असते. ते जुन्या पडद्यावरून काढताना त्याची पट्टी तुटली, की नवे बटण लावूनही ठसा चालत नाही. आयफोन एक्सपासूनच्या काही मॉडेलमध्ये चेहरा ओळखण्यासाठी लागणारे काही सुटे घटक पडद्याला लावलेले असतात आणि तेही जपून नव्यावर न्यावे लागतात. २०२१ च्या आयफोन १३ मध्ये बाहेर पडदा बदलला की चेहऱ्याची ओळखच बंद पडत असे. त्यावर टीका झाल्यानंतर ॲपलने सॉफ्टवेअरमध्ये बदल केला. आयफोन ११ पासून अनोळखी पडदा बसवल्यास तशी सूचना फोनमध्ये दिसते, आणि जुना फोन विकताना ती किंमत पाडते. अँड्रॉइड फोनमध्ये पडद्याखाली ठसा ओळखणारा संवेदक असेल, तर ओलेडच्या जागी स्वस्त एलसीडी बसवल्यावर तो काम करीत नाही, कारण एलसीडीच्या मागच्या थरांतून त्याला बोट दिसत नाही.

आणि पाणी. आयपी ६८ दर्जाचा फोन एकदा उघडला की कारखान्यात बसवलेली त्याची सीलबंदी तुटते. नवा गोंद लावून ती काही अंशी परत येते, पण तपासणीचे यंत्र नसल्यास खात्री देता येत नाही. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसात असा फोन पूर्वीच्याच बेफिकिरीने वापरणे महागात पडते.

हिशेब कोठे जमतो?

उदाहरणादाखल, फोल्डर तीन हजार रुपयांचा आणि दुकानाची मजुरी पाचशे रुपये धरली, तर घरी करणाऱ्याची कमाल बचत पाचशे रुपये. बऱ्यापैकी अवजारांचा संच आणि गोंद घेतला, तर पहिल्या फोनपुरती ती बचत त्यातच जिरते. उलट पट्टी फाटली किंवा नव्या फोल्डरची काच बसवताना दुसऱ्यांदा फुटली, तर तीन हजार पाण्यात जातात आणि विक्रेता तो भाग परत घेत नाही.

अमेरिकेतील अनुभवही विचार करायला लावणारा आहे. ॲपलने नोव्हेंबर २०२१ मध्ये घोषणा करून एप्रिल २०२२ पासून तेथील ग्राहकांना अस्सल भाग आणि अवजारे देण्यास सुरुवात केली. भाड्याने दिली जाणारी अवजारे दोन पेट्यांतून येत. त्यांचे एकूण वजन ७९ पौंड, म्हणजे सुमारे ३६ किलो, आणि भाडे आठवड्याला ४९ डॉलर. एवढासा फोन उघडण्यासाठी दोन माणसांचे ओझे घरी येत होते! सॅमसंगनेही ऑगस्ट २०२२ मध्ये आयफिक्सइट या संस्थेबरोबर सुटे भाग विकण्याचा उपक्रम सुरू केला. पण त्यातील डिस्प्ले बॅटरी चिकटवूनच येई, त्यामुळे किंमत फुगे. २०२४ मध्ये ही भागीदारी संपुष्टात आली.

तरीही घरी प्रयत्न करणे योग्य ठरेल असे फोन आहेत. हमी संपलेला, एलसीडी पडद्याचा, समोरून उघडणारा किंवा चौकटीसह फोल्डर मिळणारा जुना फोन, ज्यातील माहिती आधीच सुरक्षित केलेली आहे आणि जो बंद पडला तरी कोणाचे काम अडणार नाही, अशा फोनवर हात साफ करायला प्रत्यवाय नाही. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तर यासारखे दुसरे शिक्षण नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून स्मार्टफोन तंत्रज्ञाचा अभ्यासक्रमही आहे. अशा वेळी एक काळजी अवश्य घ्यावी: नवा फोल्डर चिकटवण्यापूर्वी तो नुसता जोडून, फोन चालू करून, संपूर्ण टच आणि रंग तपासावेत. गोंद लावल्यानंतर सदोष भाग परत करता येत नाही.

दुकान निवडताना

दुकानात दिले म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. अधिकृत केंद्रात भाग अस्सल मिळतो, बसवलेल्या भागाची लेखी हमी मिळते आणि फोनची मूळ हमी शाबूत राहते. मात्र अपघाताने फुटलेला पडदा साध्या हमीत येत नाही; त्यासाठी वेगळे विमा संरक्षण घेतलेले असावे लागते. ते घेतले होते की नाही, हे खरेदीच्या पावतीवर एकदा पाहून घ्यावे, कारण अनेकांना आपण ते घेतल्याचाच विसर पडलेला असतो. भाग शिल्लक नसेल तर फोन काही दिवस ठेवून घेतला जातो. ज्याची रोजची मजुरी फोनवर अवलंबून आहे, अशा रिक्षाचालकाला किंवा घरपोच वस्तू पोहोचवणाऱ्या तरुणाला हे परवडत नाही. समोर बसवून तासाभरात फोन परत देणारा गल्लीतला कारागीर त्याच्यासाठी केवळ स्वस्त असतो असे नाही, त्या दिवशीची कमाई वाचवणाराही तोच असतो.

या बाजारात ‘ओरिजिनल’ हा शब्द फार सैल अर्थाने वापरला जातो. कंपनीच्या खोक्यातून आलेला भाग, दुसऱ्या फोनमधून काढलेला अस्सल भाग, जुन्या पॅनेलवर नवी काच चढवलेला भाग आणि निव्वळ नक्कल, या साऱ्यांना तो लावला जातो. किमतीतील तफावत येथूनच येते. भाग यांपैकी कोणता आणि ओलेड की एलसीडी, हे विचारून बिलावर लिहून घ्यावे. नक्कल एलसीडी जाड असते, उन्हात फिकी दिसते आणि बॅटरीही अधिक खाते. पण दोन-तीन हजारांत वर्षभर फोन चालवायचा असेल, तर ती घेण्यात गैर काही नाही. ओलेडचे पैसे देऊन ती मिळू नये, एवढेच.

ग्राहक बहुधा विसरतात ती गोष्ट म्हणजे काढलेला जुना पडदा. त्याची फक्त काच फुटली असेल आणि पॅनेल चालू असेल, तर त्याला बाजारात किंमत असते. काच बदलून तो पुन्हा विकला जातो. तो परत मागावा किंवा बिलात तेवढी सूट मागावी.

फोनमधील माहितीचा प्रश्नही दुर्लक्षून चालणार नाही. टच तपासण्यासाठी कारागिराला पिन देण्याची गरज सहसा नसते. मालकाने समोर उभे राहून फोन उघडून द्यावा. सॅमसंगच्या अनेक फोनमधील ‘मेंटेनन्स मोड’ आणि गुगलच्या पिक्सेलमधील ‘रिपेअर मोड’ सुरू केल्यास खासगी माहिती झाकून फोन सोपवता येतो. टच मेलेला असला तरी चित्र दिसत असेल, तर अँड्रॉइड फोनला ओटीजी जोडणीने संगणकाचा साधा माऊस लावून हे काम आणि माहितीची प्रत काढणे, दोन्ही शक्य होते. माऊसचा बाण पडद्यावर उमटतो.

दुरुस्तीचा हक्क

सुटे भाग आणि माहिती ग्राहकाला, तसेच स्वतंत्र कारागिराला सहज मिळावी, या मागणीची दखल भारतातही घेतली गेली आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू केले. कृषी अवजारे, वाहने, गृहोपयोगी उपकरणे आणि मोबाईल व इलेक्ट्रॉनिक्स ही त्यातील चार क्षेत्रे. पुढे २०२४ मध्ये नेमलेल्या दुसऱ्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. फोन दुरुस्त करणे किती सोपे आहे, याचा निर्देशांक कंपन्यांनी जाहीर करावा, अशी त्यातील शिफारस आहे. युरोपीय संघाने एक पाऊल पुढे जाऊन २० जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या स्मार्टफोनचे महत्त्वाचे सुटे भाग, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन घातले. बसवलेला भाग सदोष निघाल्यास आणि दुकान किंवा सेवा केंद्र दाद देत नसल्यास ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. बिल हाती असेल तर तक्रारीला बळ येते.

दुरुस्तीचा निर्णय होईपर्यंत फुटलेल्या काचेवर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. काचेचे बारीक कण बोटात आणि कॉल घेताना गालात रुततात, आणि तड्यांतून ओल आत जाते. फोन पावसात नेणे टाळावे, आणि मागचे झाकण फुगलेले किंवा फोन विनाकारण तापलेला आढळल्यास तो चार्जिंगला न लावता बंद करून थेट कारागिराकडे न्यावा. त्या आपटण्यात पडद्याबरोबर बॅटरीलाही इजा झालेली असू शकते.